मातामृत्यू मोजताना जातही मोजा

उत्तर प्रदेशात २०१८-२० मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १६७ माता दगावल्या. देशाची सरासरी होती ९७, महाराष्ट्राची ३३. नमुना नोंदणी पाहणीचे हे आकडे राज्यवार मिळतात, जातवार नाहीत. त्यामुळे वाराणसीतल्या मुसहर या दलित समाजाच्या वस्तीतला धोका सरासरीत विरून जातो. अमेरिकेत २०२१ साली हाच दर कृष्णवर्णीय स्त्रियांत ६९.९ आणि श्वेतवर्णीयांत २६.६ होता. हे कळलं, कारण तिथे मृत्यूच्या दाखल्यावर वंश नोंदतात.

हा प्रश्न गरिबीचा आहे, जातीचा नव्हे, असं म्हटलं जातं. गरिबी आहेच. पण पैशाची अडचण जननी सुरक्षा योजनेने २००५ पासून थोडीफार हलकी केली आहे: ग्रामीण उत्तर प्रदेशात सरकारी दवाखान्यात बाळंत होणारीला १४०० रुपये मिळतात. वीटभट्टीच्या हंगामात गाव सोडलेल्या मुसहर बाईच्या गरोदरपणाच्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिनचे रकाने मात्र कोरे राहू शकतात, कारण तिचं नाव एका आशाताईकडे आणि मुक्काम दुसरीच्या हद्दीत. आणि दवाखान्यात गेल्यावर तिला कुणी वेळेवर तपासेल का, तिच्याशी नीट बोलेल का, हे त्या १४०० रुपयांनी ठरत नाही. जात नोंदवल्याने भेद वाढेल, ही भीती मी समजू शकतो. पण महाराष्ट्रात याच योजनेचा लाभ देताना अनुसूचित जाती-जमातीची नोंद पाहतातच. मग मृत्यू मोजतानाच संकोच का? प्रत्येक मातामृत्यूचा आढावा जिल्ह्याने घ्यायचाच असतो. त्याचे जातवार आकडे दरवर्षी जाहीर झाले पाहिजेत.