मार सोसण्याची ताकद, की मार चुकवण्याची कला?

आमची लेक तेरा वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात ती एका छोट्या बॉक्सिंग स्पर्धेत उतरली आणि जिंकली. रिंगमधून खाली आली तेव्हा तिचे प्रशिक्षक आमच्यापाशी आले आणि म्हणाले, "पोरीत उपजतच आहे. एवढे ठोसे खाल्ले, पण एक पाऊल मागं घेतलं नाही. हे शिकवून येत नसतं." आम्ही माशाअल्लाह म्हणालो, पेढे वाटले, पिरंगुटला घरी आलो. रात्री जेवायला बसलो तर तिला भाकरीचा घास चावता येईना. डावा गाल सुजला होता. दादीने हळद गरम करून लावली. ती एक शब्दही बोलली नाही, पण आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर आम्हा दोघांनाही झोप लागली नाही.

प्रशिक्षकांनी ज्याला उपजत म्हटलं, ते नेमकं काय होतं? हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. खरं सांगायचं तर भांडत लिहिला आहे.

आमचा मुळशी तालुका कुस्तीचा. जत्रेत हलगी वाजली की माणसं भातखाचरातून थेट फडाकडे निघतात. 2017 ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा शेजारच्या भूगावात झाली आणि अभिजित कटकेने किरण भगतला हरवून गदा मिळवली. तेव्हापासून तर इकडच्या प्रत्येक दांडग्या पोराकडे लोक भावी केसरी म्हणूनच बघतात. पोर धष्टपुष्ट असलं की "पैलवानाचं रक्त आहे" म्हणायचं, हडकुळं असलं की "हिशेबाच्या वह्या लिहील" म्हणायचं. म्हणजे सगळा निकाल जन्मतःच लागलेला.

पण जुने वस्ताद असं बोलत नाहीत, हे आम्ही पाहिलं आहे. ते डाव मोजतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव अंगाने लहानखुरे होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदाच मॅटवर उतरले आणि सहावे आले. रक्त तेच, ताकदही तीच. मातीतला माणूस मॅटवर कसा उभा राहतो, हे शिकायला मधली चार वर्षं गेली. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं.

बॉक्सिंगमध्येही काही गोष्टी जन्मासोबतच येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. उंची आणि हातांची लांबी कोणी शिकवून वाढवू शकत नाही. स्नायू किती झपाट्याने आकसतात, यातही जन्माचा वाटा मोठा असतो. मात्र ज्या गोष्टीला आपण सगळ्यात आधी उपजत म्हणतो, ती म्हणजे चपळाई, आणि तिचा मामला वेगळा आहे. डोळ्यांना काही दिसल्यावर शरीराने हालचाल सुरू करायला साधारण 0.2 सेकंद लागतात. जवळून आलेला सरळ ठोसा जवळपास तेवढ्याच वेळात तोंडावर पोचतो. म्हणजे ठोसा दिसल्यावर हलायचं ठरवलं तर बहुधा उशीर झालेला असतो. चांगला बॉक्सर ठोसा बघतच नाही. समोरच्याचा खांदा किंचित कधी वळला, कंबर कधी फिरली, कोणत्या पायावर भार आला, हे तो वाचतो आणि ठोसा सुटण्याआधीच जागा सोडतो. बाहेरून ती वीज वाटते. आतून तो हजारो वेळा केलेला अभ्यास असतो, कुराण पाठ करणाऱ्या मुलाला पुढची आयत आपोआप ओठांवर यावी तसा.

जन्माने दिलेलं वैगुण्यही कसबाच्या कामी येतं, त्याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेचा जो फ्रेझियर. लहानपणी घरच्या डुकराच्या तावडीतून पळताना तो पडला आणि डावा हात मोडला. डॉक्टरकडे न्यायला पैसे नव्हते. हात वाकडाच जुळला, पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. ज्या कोनात तो अडकला, तोच डाव्या हुकचा कोन होता! उंचीनेही तो जड गटात ठेंगणाच. म्हणून त्याने खाली वाकून, डोकं सतत डावी-उजवीकडे हलवत, ठोशांच्या खालून आत शिरायची पद्धत घोटली. 8 मार्च 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या राउंडला त्याच डाव्या हुकने त्याने मुहम्मद अलीला खाली पाडलं.

आता अलींकडे येऊ. आमच्या घरात त्यांचं चित्र आहे, पुष्कळ मुस्लिम घरांत असेल. 1954 साली लुईव्हिल गावात बारा वर्षांच्या मुलाची सायकल चोरीला गेली आणि चोराला बडवायचं म्हणून तो एका पोलिसाने चालवलेल्या बॉक्सिंगच्या वर्गात दाखल झाला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. रोममध्ये 1960 ला ऑलिंपिक सुवर्ण आणि 1964 ला, बावीस वर्षांचे असताना, सनी लिस्टनला हरवून जगज्जेतेपद. हात खाली सोडलेले, ठोसा आला की नुसतं मागे झुकायचं. जाणकार म्हणत, हे चुकीचं आहे, कोणाला शिकवू नका, याला जमतं कारण देणगीच तशी आहे. पण याच मुलाने धाकट्या भावाला स्वतःवर दगड मारायला लावून ते चुकवायचा सराव केला होता, हे कोणी मोजलं नाही.

मग 1967 ला त्यांनी व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला. ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली. 1970 ला परतले तेव्हा पाय पूर्वीसारखे राहिले नव्हते. वयाने दिलेलं वयानेच काढून घेतलं. तरी 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात, बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी पंचविशीतल्या जॉर्ज फोरमनला आठव्या राउंडमध्ये पाडलं. फोरमन तोवर एकही लढत हरला नव्हता. अली दोरांना टेकून, हातांआड तोंड झाकून उभे राहिले, फोरमनला दमेपर्यंत मारू दिलं आणि मग उलटा हल्ला चढवला. जगाने टाळ्या वाजवल्या. आम्हीही ती लढत कितीदा पाहिली असेल.

आमचं भांडण इथेच झालं. आमच्यापैकी एकाचं म्हणणं, किन्शासा हा बुद्धीचा विजय. दुसरीचं म्हणणं, असेल, पण त्या रात्री अलींना कळलं की आपण मार सोसू शकतो, आणि तिथून घात झाला. वाचत गेलो तसं दुसरं म्हणणं आम्हा दोघांनाही पटू लागलं. त्या काळात सरावातही अली जोडीदारांना मुद्दाम स्वतःला मारू देत, अंग कणखर व्हावं म्हणून. 1975 ला मनिलात फ्रेझियरशी चौदा राउंड भयानक झुंज झाली. त्यांचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी थांबायचा सल्ला दिला, तो ऐकला गेला नाही आणि 1977 ला डॉक्टरच सोडून गेले. अली 1981 पर्यंत लढले. 1984 ला पार्किन्सन्सचं निदान झालं. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण थरथरणाऱ्या हातांनी 1996 ला अटलांटात ऑलिंपिकची ज्योत पेटवणारे अली ज्यांनी पाहिले, त्यांना आपल्या मुलीच्या बाबतीत मतभेदांच्या भरवशावर राहवणार नाही.

म्हणजे प्रशिक्षकांनी कौतुक केलं ते मार सोसण्याच्या ताकदीचं. ती खरंच उपजत असते. आणि तीच सर्वांत महाग पडणारी देणगी आहे, कारण ज्याला मार सहन होतो तो चुकवायला शिकतच नाही. बिचाऱ्या नाजूक मुलाला पहिल्या आठवड्यातच शिकावं लागतं. डोक्यावरचं संरक्षक शिरस्त्राण जखमा थांबवतं, पण आत मेंदू हलायचा थांबत नाही, हेही आम्हाला तेव्हाच समजलं.

पौडला राहणारे आमचे चाचा सुरुवातीपासून विरोधात होते. त्यांचा मुद्दा मुलीने खेळण्याचा नाही. तसं असतं तर बोलणं सोपं होतं. निजामाबादच्या निखत जरीनचं उदाहरण त्यांनाही ठाऊक आहे. खांद्याच्या दुखापतीने तिचं 2017 साल वाया गेलं, 2019 च्या चाचणीत मेरी कोमकडून ती 9-1 अशी हरली, आणि 2022 ला इस्तंबूलमध्ये अंतिम लढत 5-0 ने जिंकून जगज्जेती झाली. 2023 ला दिल्लीत पुन्हा. पोशाखाचा प्रश्नही 2019 ला आंतरराष्ट्रीय संघटनेने हिजाब आणि अंगभर कपड्यांना परवानगी दिल्याने सुटला आहे.

चाचांचा मुद्दा तोंडाचा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रुकाना या नामांकित मल्लाशी कुस्ती करून त्याला पाडल्याची नोंद हदीस-ग्रंथांत आहे, त्यामुळे कुस्तीला त्यांची हरकत नाही. पण लढतानाही चेहऱ्यावर मारू नये, ही शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत येते. मक्केतल्या इस्लामी फिक्ह परिषदेने 1987 ला शरीराला होणाऱ्या इजेवरून बॉक्सिंग नाजायज ठरवलं. "तुम्ही कसबाच्या गोष्टी करा," चाचा म्हणाले, "पण समोरच्या मुलीच्या तोंडावर तुमची मुलगी मारते, त्याचं काय?" आम्ही गाल सुजला म्हणून रडत होतो तो आपल्या लेकीचा. दुसऱ्या मुलीच्या घरी त्या रात्री काय झालं असेल, हे आमच्या मनातही आलं नव्हतं. या प्रश्नाला आमच्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही.

तूर्त आम्ही एवढंच केलं. प्रशिक्षकांकडे गेलो आणि म्हणालो, सहा महिने लढत नको, फक्त पाय आणि डोकं. ते नाराज झाले. म्हणाले, पोरीचा जोश जाईल. मग थोड्या वेळाने त्यांनीच अंगणात खांद्याच्या उंचीवर दोरी बांधायला सांगितलं. दोरीखालून गुडघ्यात वाकत डावीकडे, मग उजवीकडे, एकेक पाऊल पुढे. पाठीने वाकायचं नाही, नजर खाली न्यायची नाही. आमच्या अंगणात एकच दोरी, कपडे वाळत घालायची. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, उघडीप मिळाली की दादीला कपडे हवेत आणि नातीला सराव. असरनंतर दोरी नातीची, असा शेवटी तह झाला.

आणि एक वही केली. सरावात तोंडावर किती ठोसे लागले, ते लिहायचं. तिने किती मारले, ते नाही. पहिल्या आठवड्यात तिला रडू यायचं, कारण आकडे मोठे होते. सहा महिन्यांनी ती पुन्हा रिंगमध्ये उतरली आणि हरली. समोरची मुलगी उंच होती, हात लांब होते, आणि त्याला इलाज नाही. वहीत तीन राउंड मिळून तोंडावर लागलेले ठोसे सात. पहिल्या स्पर्धेत आम्ही मोजणं अर्ध्यावर सोडलं होतं. रात्री तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तक्रार केली की कालवणात मीठ कमी आहे.

त्या रविवारी चाचा आले होते. त्यांनी वही मागितली, चष्मा लावून पानं उलटली आणि विचारलं, "दुसऱ्या मुलीची वही कोण लिहितं?" मग ती वही पिशवीत घालून ते पौडला घेऊन गेले. अजून परत दिलेली नाही.