जहाजाच्या सज्ज्यांतील आरामखुर्ची

आरामखुर्ची ही वस्तु आपल्या घरांना नवी नाहीं. वाड्याच्या ओसरीवर किंवा चाळीच्या गॅलरींत ती वर्षानुवर्षें उभी असे. दोन लांकडी चौकटी, मागें पाठ कमीजास्त कलती करण्याच्या खाचा, आणि दोन्ही टोकांस नेफा शिवून त्यांत दांडी घातलेलें एक जाडेंभरडें कापड, एवढाच तिचा संसार. घरांतील वडील माणसें वर्तमानपत्र घेऊन तींत पहुडत. आणि खालची दांडी हळूच काढून ठेवणारीं नातवंडें कोणत्या घरीं नव्हतीं? हीच खुर्ची, जरा नव्या वेषांत, आज समुद्रावर सफरी करणाऱ्या मोठ्या जहाजांच्या खासगी सज्ज्यांत जाऊन बसली आहे. मुंबईहून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपाकडे जाणाऱ्या सफरींच्या जाहिरातींतही पुष्कळदां तेंच चित्र दिसतें : निळें पाणी, पांढरा कठडा आणि एक रिकामी आरामखुर्ची. ती खुर्ची तेथवर कशी पोहोंचली, ती कशाची करतात, आणि तिच्यासाठीं राष्ट्राराष्ट्रांना नियम कां करावे लागले, हें आज सांगावयाचें आहे. सज्जा, कठडा आणि खुर्ची यांचा हिशेब पाण्यावर व जमिनीवर एकच असल्यामुळें, समुद्रापासून फार दूर असलेल्या आमच्या चकलांब्याच्या माणसासही हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं.

आरंभीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. खोलीला लागून स्वतःचा सज्जा असणें ही जहाजांवरील अगदीं अलीकडची सोय आहे. पूर्वींच्या आगबोटींत प्रवाशाच्या खोलीस फार तर एक वाटोळी खिडकी असे. सन १९१० च्या जुलै महिन्याच्या ८ तारखेस मार्सेल्सच्या बंदरांत 'मोरिया' बोटीवरून सावरकरांनीं समुद्रांत उडी घेतली ती अशाच वाटोळ्या खिडकींतून. तेवढ्या भोंकांतून दिसेल तेवढाच समुद्र. मोकळी हवा हवी असेल तर प्रवाशानें वर डेकवर, म्हणजे तूतकावर, यावयाचें. तेथें बसावयास बोटीनें खुर्ची दिलेलीच असेल असेंही नव्हे. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थान व विलायत यांच्या दरम्यान फिरणारे प्रवासी आपली खुर्ची सामानाबरोबर घेऊन चढत आणि तिच्या पाठीवर आपलें नांव घालीत. पुढें बोटीच्या कंपन्या स्वतःच खुर्च्या ठेवूं लागल्या व त्यांचें भाडें घेऊं लागल्या.

ही व्यवस्था अर्थात् वरच्या वर्गाची. भाऊच्या धक्क्यावरून कोंकणांत जाणारा चाकरमानी डेकवर वळकटी पसरी, ट्रंकेला पाठ टेंकी आणि रात्र काढी. त्याच्या वांट्याला खुर्ची नव्हती. पुष्कळ वेळां पाय पसरण्याइतकी जागाही नव्हती. बोटींत माणसें किती घ्यावीं, जीव वांचविण्याचीं साधनें किती ठेवावीं, हे प्रश्न आरामाच्या आधींचे आहेत, हें ता. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं तेव्हां महाराष्ट्रास फार मोठी किंमत देऊन कळलें.

खोलीला स्वतंत्र सज्जा देण्याचे तुरळक प्रयोग पूर्वीं झाले होते. सन १९३५ मध्यें निघालेल्या 'नॉर्मंडी' या फ्रेंच जहाजावर मोजक्या श्रीमंती दालनांना स्वतःचा डेक होता. परंतु सज्जा ही पुष्कळांच्या आंवांक्यांतील गोष्ट होऊं लागली ती सन १९८४ च्या 'रॉयल प्रिन्सेस' या जहाजापासून. त्याच्या सर्व खोल्या बाहेरच्या बाजूस होत्या व त्यांतील बऱ्याच खोल्यांना सज्जे होते. त्यानंतर मोठ्या जहाजांच्या बाजू मुंबईतल्या एखाद्या उंच इमारतीसारख्या, सज्ज्यांच्या ओळींवर ओळी, अशा दिसूं लागल्या. आपल्याकडे सन २०१८ मध्यें 'आंग्रिया' ही नौका मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, आणि सन २०२१ च्या सप्टेंबरांत 'एम्प्रेस' या जहाजाच्या सफरी मुंबईहून निघूं लागल्या. हें दुसरें जहाज सन १९९० मधील. त्यामुळें त्याच्या थोड्याच खोल्यांना सज्जे आहेत. सज्जा हवा असेल तर खोली घेतांना तें विचारून घ्यावें. जाहिरातींतील चित्र पाहून गृहीत धरूं नये.

आतां खुर्चीकडे वळूं. समुद्रावरील खुर्चीस तीन शत्रु आहेत : खारी हवा, ऊन आणि वारा. खाऱ्या हवेंत लोखंड लवकर गंजतें आणि साधें लांकूड कुजतें. म्हणून जुन्या डेकखुर्च्या पुष्कळदां सागवानाच्या असत आणि त्यांचे खिळे, बिजागऱ्या पितळेच्या. सागाच्या अंगीं नैसर्गिक तेल असतें. त्यामुळें पाणी त्यांत सहजासहजीं मुरत नाहीं व कीडही लागत नाहीं. या लांकडाची समुद्रावरील योग्यता मुंबईनें जगास दाखविली आहे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं सन १८१७ मध्यें सागवानी बांधणीची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका तयार केली. ती इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर तरंगते आहे. परंतु साग महाग आणि जड. म्हणून आजच्या सज्ज्यांत बहुधा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर जाळीदार कृत्रिम कापड ताणलेल्या, किंवा वेतासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनीं विणलेल्या खुर्च्या असतात. जाळींतून पाणी गळून जातें, हवा खेळते आणि पाठ घामेजत नाहीं.

तिसरा शत्रु वारा. जहाज तासास वीस सागरी मैल जात असेल तर तो वेग सुमारें ३७ किलोमीटर झाला. समोरून तितकाच वारा वाहात असेल तर डेकवरील माणसास तो ताशीं ७४ किलोमीटरचा लागतो. आडोशाच्या सज्ज्यांत तो कमी होतो, तरी हलकी खुर्ची सरकण्यास वा उलटण्यास पुरेसा असतो. यास्तव समुद्र खवळण्याचीं चिन्हें दिसतांच खलाशी सज्ज्यांतील खुर्च्या आंत घेतात किंवा बांधून टाकतात, आणि प्रवाशांस दारें लावून घेण्यास सांगतात. ही सूचना कोणी अरसिकपणाची मानूं नये.

खुर्ची कलती कां, याचेंही उत्तर सोपें आहे. ताठ बसलेल्या माणसाचा भार थोड्याशा जागेवर पडतो. पहुडलेल्या माणसाचा भार पाठ, मांड्या व पोटऱ्या यांवर वांटला जातो. शिवाय जहाज डोलत असतां अंग जितकें खालीं व टेंकलेलें, तितका तोल सांवरण्याचा त्रास कमी. बोट लागण्याचा विकारही येथें विचारांत घ्यावा. कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय "हालचाल होत आहे" असें सांगतें, आणि बंद खोलींतील डोळे "सर्व स्थिर आहे" असें सांगतात. या दोन साक्षींच्या विसंगतीनें मळमळूं लागतें. मोकळ्या सज्ज्यांत डोळ्यांस क्षितिजाची स्थिर रेषा दिसते आणि पुष्कळांस बरें वाटतें. मग तेथें पुस्तक मात्र वाचीत बसूं नये, क्षितिजाकडे पाहावें.

ऊन टाळावयाचें असेल तर दिशेचा विचार करावा. मुंबईहून गोव्यास जातांना जहाजाचें तोंड दक्षिणेस असतें. त्यामुळें उजव्या बाजूच्या सज्ज्यास दुपारचें ऊन, मोकळा समुद्र व सूर्यास्त लाभतो. डाव्या बाजूस सकाळचें ऊन आणि कोंकणची दिशा. परततांना हें सर्व उलट होतें. विलायतेहून हिंदुस्थानास येतांना डावी व परत जातांना उजवी बाजू ही सांवलीची, म्हणून श्रीमंत लोक तिकडच्या खोल्या घेत आणि त्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून इंग्रजींत 'पॉश' हा शब्द झाला, अशी एक कथा सांगतात. सांवलीचें गणित खरें आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीस मात्र पुरावा मिळालेला नाहीं.

येथवर आरामाची बाजू झाली. आतां जिवाची बाजू सांगितली पाहिजे.

ता. २३ मार्च १९०६ नव्हे, तर अगदीं आपल्या काळांतील, ता. २३ मार्च २००६ ची गोष्ट. 'स्टार प्रिन्सेस' हें जहाज कॅरिबियन समुद्रांत जमैकाकडे चाललें होतें. प्रवासी व खलाशी मिळून साडेतीन हजारांहून अधिक माणसें जहाजावर होतीं. पहांटे तीनच्या सुमारास एका सज्ज्यांत आग लागली. थोड्याच मिनिटांत ती शेजारच्या आणि वरच्या मजल्यांवरील सज्ज्यांत पसरली. एक प्रवासी प्राणास मुकला, कित्येकांना धुरानें त्रास झाला, आणि सुमारें ८० खोल्या जळून निकामी झाल्या. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी खात्यानें तपास केला तेव्हां संभवनीय कारण निघालें तें फेंकलेल्या सिगरेटच्या थोटकाचें. परंतु थोटूक हें निमित्त. आगीस खाद्य पुरविलें तें सज्ज्यांतील प्लास्टिकच्या खुर्च्यांनीं, दोन सज्ज्यांमधील प्लास्टिकच्या पडद्यांनीं आणि पायाखालच्या फरशीवजा प्लास्टिकच्या तुकड्यांनीं.

मग इतक्या मोठ्या जहाजावर अग्निरक्षणाचे नियम नव्हते काय? होते, आणि कडक होते. पण ते खोलीच्या आंत. खोलींत धूर ओळखणारीं यंत्रें होतीं, छतांतून पाण्याचे फवारे सुटत होते. म्हणूनच आंत शिरलेली आग बव्हंशीं आंवरली गेली. सज्जा मात्र "बाहेरची जागा" म्हणून नियमांच्या कक्षेबाहेर राहिला होता. तेथें ना सूचना देणारें यंत्र, ना पाण्याचा फवारा. घराच्या उंबरठ्यापर्यंत पहारा ठेवावा आणि ओसरी मोकळी सोडावी, तसें हें झालें.

याच वर्षीं डिसेंबरांत समुद्रावरील जीवितरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारांत दुरुस्ती झाली, व ती १ जुलै २००८ पासून अमलांत आली. सज्ज्यांमधील पडदे न जळणाऱ्या पदार्थाचे असावेत; खुर्च्या-टेबलें आगीचा धोका कमी असलेल्या जातीचीं असावींत, नाहीं तर सज्ज्यांत आग ओळखणारें यंत्र व पाण्याचा फवारा बसवावा, असें त्यांत ठरलें. सज्ज्यांच्या बाबतींत हा नियम जुन्या जहाजांनाही लागू करण्यांत आला. पुष्कळ कंपन्यांनीं पुढें सज्ज्यांत धूम्रपानाचीच मनाई केली.

हा करारही असाच एका दुःखांतून जन्मलेला आहे. सन १९१२ च्या एप्रिलांत 'टायटॅनिक' बुडूं लागलें तेव्हां सर्वांना पुरतील इतक्या जीवनौका त्यावर नव्हत्या. जहाजावरील मुख्य भटारी चार्ल्स जॉकिन यानें पुढें चौकशींत साक्ष दिली कीं, पाण्यांत पडणाऱ्यांना धरावयास कांहीं तरी असावें म्हणून आपण पन्नासेक डेकखुर्च्या समुद्रांत टाकल्या. त्या जहाजावरील एक खुर्ची कॅनडांतील हॅलिफॅक्सच्या सागरी संग्रहालयांत ठेवलेली आहे. जीवनौकेचें काम खुर्चीनें करावें लागलें, यापेक्षां अव्यवस्थेचा दुसरा पुरावा कोणता? सन १९१४ मध्यें या कराराचा पहिला मसुदा झाला तो त्या आपत्तीनंतर.

दुसरा धोका कठड्याचा. अमेरिकेनें सन २०१० मध्यें केलेल्या कायद्याप्रमाणें प्रवासी जहाजाचा कठडा पायाखालच्या डेकपासून किमान ४२ इंच उंच असावा लागतो. हा आंकडा कां, तें शाळेंतल्या गणितानें पाहूं. साडेपांच फूट, म्हणजे ६६ इंच उंचीच्या माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या उंचीच्या निम्म्याहून किंचित् वर, सुमारें ३६ इंचांवर असतो. तो डेकवर उभा असतां कठडा त्याच्या गुरुत्वमध्याच्या सहा इंच वर येतो. तोल गेला तरी कठडा त्यास अडवितो. आतां तोच मनुष्य चित्र घेण्यासाठीं १५ इंच उंचीच्या आरामखुर्चीवर उभा राहिला, तर त्याचा गुरुत्वमध्य ५१ इंचांवर गेला, म्हणजे कठड्याच्या नऊ इंच वर. कठडा तेथेंच आहे, पण त्याचें रक्षण संपलें. चाळीस इंचांच्या मुलाचा गुरुत्वमध्य अंदाजें २३ इंच. तें खुर्चीच्या २४ इंच उंच हातावर चढलें कीं ४७ इंच झाले. खुर्चीनें कठडा तोडला नाहीं. फक्त त्यास ठेंगणें केलें.

श्रोतेहो, आपल्यांतील थोडेच जण समुद्रसफरीस जातील. पण मुंबई, पुणें, नागपूर, संभाजीनगर येथें आठव्या-दहाव्या मजल्यावर सज्जा असलेलीं घरें आतां हजारों आहेत. त्या सज्ज्यांत आरामखुर्ची असते, कुंड्या असतात, जुनीं वर्तमानपत्रें, प्लास्टिकचे डबे आणि वाळत घातलेले कपडे असतात. वरच्या मजल्यावरून कोणी जळतें थोटूक टाकतो. दिवाळींत बाण येऊन पडतो. जहाजावरील त्या रात्रीचें सर्व साहित्य आपण घरोघर जमवून ठेविलेलें आहे, आणि येथें फवाराही बहुधा नाहीं. म्हणून तीन गोष्टी कराव्या. खुर्ची, स्टूल किंवा मोठी कुंडी कठड्याला लागून ठेवूं नये, भिंतीकडे ठेवावी. लहान मूल घरीं असेल तर खुर्ची मिटून आंत घ्यावी. आणि जळाऊ अडगळ सज्ज्यांतून आजच काढावी.

यास कांहीं खर्च नाहीं. एका रविवारची सकाळ पुरते. तें झाल्यावर मग खुशाल खुर्ची मांडावी आणि पाठ टेंकावी.