गोधडीला मांजराचा वास : धुतल्यावरही परत का येतो?

(वरसे, ता. रोहा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

विषय वाचून मागच्या बाकावर हशा पिकला, तो मी ऐकला. हसा. पण ज्यांच्या घरी मांजर आहे ते हसत नाहीयेत, हेही मला इथून दिसतंय. आषाढात आठ-आठ दिवस ऊन नाही, दांडीवरचे कपडे धड वाळत नाहीत, आणि त्यात बोक्याने गोधडीवर कार्यक्रम उरकलेला. दोनदा धुतली, वाळवली, घडी घातली. वास गेला. मग चार दिवसांनी हवा दमट झाली आणि वास पुन्हा हजर! बाई म्हणते, मेल्याने परत केलं. तर नाही, त्याने केलेलं नसतं. जुनंच परत उठतं.

का, ते बघू. मुतात युरिया असतो. ताजा असताना त्याला फारसा वास नसतो. हवेतले, कपड्यावरचे जंतू तो फोडतात आणि अमोनिया बाहेर पडतो. नाकाला झोंबतो तो हा. त्याचं काही एवढं विशेष नाही. तो पाण्यात विरघळतो, उडून जातो, व्हिनेगर घातलं तर त्याचं मीठ होऊन धुऊन निघतो. कुत्र्याचं मूत बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

मांजराची गोष्ट निराळी. मांजर मूळचं कोरड्या मुलखातलं. पाणी वाचवायचं म्हणून त्याचं मूत्रपिंड मूत घट्ट करून सोडतं. शिवाय त्यात फेलिनिन नावाचं गंधक असलेलं एक द्रव्य असतं. बोक्यात जास्त, आणि खच्चीकरण न केलेल्या बोक्यात तर फारच. जपानमधल्या मासाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली दाखवलं की मांजराच्या मुतातलं कॉक्सिन नावाचं प्रथिन हे फेलिनिन तयार करवतं. फेलिनिनला स्वतःला वास नाही. ते हळूहळू फुटतं आणि त्यातून मर्कॅप्टन जातीची द्रव्यं सुटतात. मर्कॅप्टन तुमच्या ओळखीचं आहे बरं का. सिलिंडरचा गॅस गळला की जो वास येतो, तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचाच. गॅसला स्वतःचा वास नसतो. हा प्रकार इतका तीव्र की कणभर असला तरी आपलं नाक पकडतं.

आता कोडं सुटलं ना? धाग्यात उरलेलं फेलिनिन आणि क्षार कोरडे असताना गप्प बसतात. दमट झालं की ओल धरतात आणि पुन्हा वास सोडायला लागतात. आणि आपण काय करतो? जास्त साबण, वर सुगंधी कंडिशनर. म्हणजे मोगरा अधिक बोका.

मग करायचं काय? ताजं असेल तर आधी जुन्या फडक्याने दाबून टिपा, चोळू नका. गार पाण्याने खळखळून काढा. गरम पाणी आत्ता नको, प्रथिन धाग्यात घट्ट बसतं. मग एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, त्यात अर्धा तास भिजवा. हे अमोनियासाठी. मर्कॅप्टनला व्हिनेगर काही करत नाही, लोक इथेच फसतात. पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढा आणि पाकिटावर एन्झाइम लिहिलेली पावडर कोमट पाण्यात घालून रात्रभर भिजत ठेवा. कोमट म्हणजे हात सहज बुडेल इतपत. उकळतं पाणी ओतलंत तर एन्झाइम मेलं, पैसे पाण्यात.

तरी वास राहिला तर हायड्रोजन पेरॉक्साइड. स्कंक नावाचा अमेरिकेतला प्राणी कुत्र्यांवर असाच गंधकाचा फवारा मारतो. त्यासाठी पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाने 1993 साली एक कृती छापली, तीच इथे चालते. एक लिटर 3 टक्क्यांचं पेरॉक्साइड, चार चमचे खायचा सोडा, चमचाभर पातळ साबण. आपल्याकडे औषधाच्या दुकानात बऱ्याचदा 6 टक्क्यांचं मिळतं, तेव्हा तेवढंच पाणी घाला. लगेच वापरा. उरलं तर बाटलीत भरून झाकण लावू नका, आत वायू होतो आणि बाटली फुटते. रंग उडू शकतो, म्हणून आधी कोपऱ्यावर थेंब टाकून बघा. रेशीम आणि लोकरीला हेही नको, एन्झाइमही नको. पैठणी असेल तर धोब्याकडे द्या, पण डाग कशाचा ते लाजू नका, सांगा.

वास पुरता गेल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. ब्लीच घालू नका. मुतातला अमोनिया आणि ब्लीच मिळून क्लोरामाइन होतं, छातीत भरतं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुवायचं आम्ल पडलं तर सरळ क्लोरीन. धाटावच्या एमआयडीसीत काम करणारे इथे बसलेत, क्लोरीन काय असतो हे त्यांना मी सांगायला नको. कंपनीत तुम्ही मास्क लावता. घरी बायको दार लावून मोरीत बसते, तिला कोण मास्क देतं?

फिनेलही नको. मांजराचं यकृत फिनॉल नीट पचवू शकत नाही. लादीवरचं पायाला लागतं आणि ते पाय चाटतं.

(श्रोत्यांतून : दादा, आमचा बोका पूर्वी असं करत नव्हता. आत्ताच कपड्यांवर का करायला लागला?)

ताई, बरं विचारलंत. हे मी शेवटी सांगणार होतो. आमच्याकडे एक पिवळा बोका होता. अचानक धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर जाऊन बसायला लागला, थेंब थेंब सोडायचा. मी दोन दिवस त्याला ओरडलो, एकदा झाडूही उगारला. तिसऱ्या दिवशी तो उठेना. लघवी तुंबली होती. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. तुंबली की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. तो वाचला नाही. तेव्हा बोका वारंवार बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबच येतायत, असं दिसलं तर कपडे नंतर धुवा. आधी पशुवैद्यकीय दवाखाना, त्याच दिवशी. तसं काही नसेल आणि तो शेपटी उभी करून भिंतीवर, कपाटावर फवारत असेल, तर खच्चीकरणाने बहुतेकदा थांबतं.

(श्रोत्यांतून : कुत्र्याचं चालेल ना हाताने धुतलं?)

हातमोजे घाला, निदान प्लास्टिकची पिशवी तरी. कुत्रा, उंदीर, गुरं यांच्या मुतातून लेप्टो पसरतो आणि पावसात आपल्या हातापायांना चिरा असतातच. 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली, आठवत असेल. कुत्र्याला त्याची लस मिळते, ती दरवर्षी द्यावी लागते.

आणि ती जाड गोधडी, जी भिजवली तर आठवडाभर वाळणार नाही? तिचं सगळं पाण्यात घालू नका. डाग पडला तेवढाच भाग बादलीत सोडा, बाकी बाहेर खुर्चीवर. दाबून पाणी काढा, पिळू नका, जुन्या शिवणीचा टाका तुटतो. आणि वाळल्यावर नाक लावून बघायचं ते कोरड्या दुपारी नाही, पाऊस पडत असताना बघा.