अलेक्झांड्रा कोलोन्ताई : क्रांतिकारक ते राजदूत

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात परराष्ट्र वकिलाती म्हणजे बड्या घराण्यांतल्या पुरुषांचे राखीव कुरणच होते. अशा काळात, १९२४ साली, सोव्हिएत सरकारने नॉर्वेमध्ये आपली वकील म्हणून एका स्त्रीला नेमले. त्या होत्या अलेक्झांड्रा कोलोन्ताई.

त्यांचा जन्म १८७२ साली सेंट पीटर्सबर्गला, झारच्या सैन्यातील एका जनरलच्या घरी झाला. कशाचीच ददात नव्हती. १८९६ साली इंजिनिअर पतीसोबत त्या नार्वा येथील क्रेनहोल्म कापड गिरणी पाहायला गेल्या. तिथे सुमारे १२ हजार कामगार राबत होते. कामगारांच्या कोंदट खोल्यांत मुलांच्या घोळक्यात एक पोर निपचित पडलेले दिसले. ते मेलेले होते. बाईंचे आयुष्य तिथेच बदलले. दोन वर्षांनी घर, पती आणि लहानग्या मुलाला मागे ठेवून त्या झुरिचला अर्थशास्त्र शिकायला गेल्या. पुढे कामगार स्त्रियांची संघटना, झारशाहीचा ससेमिरा आणि १९०८ पासून परदेशातला अज्ञातवास.

१९१७ च्या क्रांतीनंतर लेनिनच्या मंत्रिमंडळात त्या समाजकल्याण खात्याच्या मंत्री झाल्या. कामकरी बाईच्या बाळंतपणाची जबाबदारी समाजाने उचलली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

पण सत्तेत बसूनही बाई गप्प राहिल्या नाहीत. कामगारांच्या नावाने चाललेल्या राज्यात कारखान्याचा कारभार कामगार संघटनांकडे का नाही, असा रोखठोक सवाल त्यांनी १९२१ साली केला. तो पक्षनेत्यांना झोंबला. १९२२ साली त्यांची रवानगी नॉर्वेला झाली. ती बढती कमी आणि दूर सारणे जास्त होते.

तिथेही त्यांनी कर्तबगारी दाखवली. मासळीच्या व्यापारातून दोन्ही देश जवळ आणले आणि १९२४ मध्ये नॉर्वेने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली. १९२६ साली मेक्सिकोला निघाल्या, तेव्हा अमेरिकेने त्यांना आपल्या भूमीवरून जाऊ दिले नाही. १९३० ते १९४५ त्या स्वीडनमध्ये होत्या. १९४४ साली फिनलंडशी युद्धबंदी घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

मात्र याच काळात मायदेशी स्टालिनच्या राजवटीत त्यांचे जुने साथी संपवले जात होते. १९२१ च्या लढ्यातले सहकारी श्ल्याप्निकोव यांना १९३७ साली आणि पूर्वाश्रमीचे पती दिबेंको यांना १९३८ साली गोळ्या घालण्यात आल्या. बाईंनी जाहीरपणे तोंड उघडले नाही. त्या वाचल्या, १९५२ साली मॉस्कोत त्यांचे निधन झाले.

वाचक भगिनींनो, एका मेलेल्या पोराला पाहून घर सोडणारी ही बाई मित्रांच्या मरणावर मात्र गप्प राहिली. त्या मौनाला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. पण प्रश्न विचारणाऱ्याला जिथे जिवाची भीती वाटते, ते राज्य कामगारांचे कसे म्हणायचे, हा सवाल अधिक मोलाचा आहे. कोलोन्ताईंची ती निर्भय बाजू आपल्या लेकीबाळींना जरूर सांगा, आणि त्या मौनाची किंमतही सांगा.