वखारींतील धान्य : पोतें भरणें व थप्पी लावणें

सुगी संपतांच सर्वांचा माल एकदम बाजारांत येतो व भाव उतरतो, हा अनुभव कोणाही शेतकऱ्यास नवा नाहीं. ज्यास थांबतां येतें त्यास दोन पैसे अधिक मिळण्याची आशा असते. म्हणूनच माल वखारींत ठेवून त्याच्या तारणावर कर्ज काढण्याची सोय झाली आहे. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ १९५७ सालीं स्थापन झालें. २००७ सालच्या वखारविषयक केंद्रीय कायद्यानें नोंदणीकृत वखारीची पावती दुसऱ्याच्या नांवें करून देतां येऊं लागली. परंतु पावती हा शेवटीं कागदच. त्याची किंमत पोत्यांतील दाण्यावर अवलंबून. दाणा बिघडला तर भाव जातो आणि कर्ज मात्र डोक्यावर राहतें. यास्तव पोतें कसें भरावें व कसें रचावें याचा विचार येथें करूं.

पहिली गोष्ट ओलावा. साठवावयाच्या धान्यांत ओलावा शेंकडा १२ हून अधिक नसावा; तेलबियांत तो याहूनही कमी असलेला बरा. दाणा दांताखालीं कडकन् फुटावा ही जुनी परीक्षा आहेच, परंतु आर्द्रतामापक यंत्रावर खात्री करून घेणें उत्तम. उन्हांत तापलेलें धान्य तसेंच पोत्यांत कोंबूं नये. पूर्ण निवल्यावर भरावें. नाहीं तर आंत वाफ धरून बुरशी येते.

दुसरी गोष्ट बारदान. जुन्या पोत्यांच्या शिवणींत कीड दडून राहते. खापरा नांवाच्या किडीची अळी तर भिंतीच्या भेगांत अन्नावांचून कित्येक महिने जिवंत राहते. याकरितां जुनीं पोतीं उलटीं करून झटकावीं, उकळत्या पाण्यांत बुडवावीं व कडक उन्हांत वाळवावीं. तागाचें पोतें हवा खेळूं देतें व थप्पींत घसरत नाहीं. प्लॅस्टिकच्या विणीचें पोतें गुळगुळीत असल्यानें थप्पी कलण्याचें भय असतें. पोतें तोंडापर्यंत ठेचून भरूं नये. शिवणीपुरती जागा सोडून दाभणानें व सुतळीनें घट्ट शिवावें, आणि दोन्ही कोपऱ्यांस कान काढावे. हे कान धरून पोतें उचलल्यास हमालाच्या आंकड्याची गरज कमी पडते. आंकड्याच्या प्रत्येक भोकांतून दाणे गळतात, आणि ती गळ कोणाच्याच हिशेबांत दिसत नाहीं.

घरीं थोडें कडधान्य ठेवावयाचें असल्यास हवाबंद तीन पदरी पिशवी उपयोगी पडते. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनीं आफ्रिकेंतील कॅमेरून देशांत चवळीसाठीं ती सिद्ध केली. आंतील दोन पदर जाड प्लॅस्टिकचे, बाहेरचा विणलेला. तोंड घट्ट बांधलें कीं आंतील किडा उरलेला प्राणवायु संपवितो आणि स्वतःच मरतो. मात्र ओलें धान्य तिच्यांत कुजतें, हें विसरूं नये.

तिसरी गोष्ट थप्पी. जमिनीची ओल वर चढते, म्हणून पोतीं लांकडी चौकटींवर ठेवावीं. भिंतीपासून दोन-अडीच फूट जागा सोडावी, म्हणजे चारी बाजूंनीं फिरून पाहतां येतें. एक थर आडवा व दुसरा उभा लावल्यास पोतीं एकमेकांस धरून राहतात. सोयाबीनच्या बियाण्याचें साल नाजूक असतें. त्याची थप्पी ठेंगणी ठेवावी व पोतीं आपटूं नयेत, नाहीं तर उगवण घटते.

कीड दिसल्यास द्यावयाची धुरी विषारी वायूची असते. ती प्रशिक्षित व परवानाधारक माणसाकडूनच, थप्पी आच्छादनानें झांकून द्यावी. राहत्या घरांत तिच्या गोळ्या कदापि ठेवूं नयेत. त्या वायूनें माणसेंही दगावतात.

शेवटीं नोंदीविषयीं. प्रत्येक थप्पीवर मालाची जात, पोत्यांची संख्या, वजन व तारीख लिहिलेली पाटी असावी, आणि पावतीवरील आंकडे तिच्याशीं ताडून पाहावे. दर पंधरवड्यास वखारींत जाऊन दोन-चार पोतीं तपासावीं. पोत्यांत हात घातला असतां दाणा उष्ण लागला, तर आंत कीड किंवा ओल आहे असें समजून थप्पी त्वरित उकलावी. वर्षभर राबून पिकविलेल्या मालासाठीं पंधरा दिवसांतून एक फेरी कोणासही जड वाटूं नये.