मुक्या बटनांना नावे

नभोवाणीच्या श्रोत्यांना ‘स्क्रिप्ट’ हा शब्द नवा नाही. श्रुतिका असो की शेतीविषयक संवाद असो, कोणी केव्हा काय बोलायचे हे आधी लिहून ठेवलेले असते. त्या लिखाणाला स्क्रिप्ट म्हणतात. आज जिच्याविषयी सांगावयाचे आहे तीही अशीच बोलण्याची स्क्रिप्ट आहे. मात्र ती माणसासाठी लिहीत नाहीत; ती लिहितात दृष्टिहीन माणसाला संगणक वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रामसाठी. या प्रोग्रामला स्क्रीन रीडर म्हणतात.

पुष्कळांची समजूत अशी की, आपण पडदा पाहतो तसाच हा प्रोग्रामही पाहत असेल. सामान्यतः तसे नसते. तलाठ्याच्या दप्तरात जशी प्रत्येक जमिनीची नोंद असते, तशी पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूची नोंद संगणकापाशी असते: तिचे नाव काय, ती बटन आहे की लिहिण्याची चौकट, आणि ती सध्या चालू आहे की बंद. स्क्रीन रीडर ही नोंद मागून घेतो आणि बोलून दाखवितो. पण नोंदीत नावाचा रकानाच कोरा असेल तर? मग तो बिचारा नुसते ‘बटन’ म्हणून गप्प बसतो.

एखाद्या कचेरीतल्या हिशेबाच्या प्रोग्रामात अशी आठ बटने आहेत असे समजा. डोळस कारकुनाला त्यांवरची चित्रे दिसतात, त्याचे काही अडत नाही. दृष्टिहीन कारकुनाला मात्र आठ वेळा ‘बटन’ एवढेच ऐकू येते. यातले ‘जतन करा’ कोणते आणि ‘पुसून टाका’ कोणते? शेजाऱ्याला विचारल्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. हिशेब त्याला उत्तम येतो, तरी त्याच्या नोकरीवर गदा येते ती या कोऱ्या रकान्यामुळे. खरे म्हणजे तो रकाना प्रोग्राम बनविणाऱ्याने भरावयाचा असतो, आणि त्याला तसे कळवावेच. पण तो भरीपर्यंत वाट पाहत बसावे काय? इथेच स्क्रिप्ट कामाला येते.

या विद्येत दृष्टिहीन मंडळीच पुढे आहेत. अपघातात दृष्टी गेलेल्या टेड हेंटर यांनी अमेरिकेत 1989 साली ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आणला. त्याची स्क्रिप्टची स्वतःची भाषा आहे. पुढे 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ‘एनव्हीडीए’ लिहावयास घेतला, आणि जेम्स तेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला. एनव्हीडीए विंडोजवर चालतो, फुकट मिळतो, त्याचे अंतरंग सर्वांना खुले आहे, आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या ‘ईस्पीक’ या आवाजाला मराठीही वाचता येते. खेड्यातल्या शाळेने सुरुवात यापासून करावी.

एनव्हीडीएची स्क्रिप्ट पायथन या भाषेत लिहितात. या भाषेत ओळीच्या आरंभी किती जागा सोडली यावर अर्थ ठरतो. ‘मग जो पाहू शकत नाही त्याने काय करायचं?’ असे तुम्ही विचाराल. एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये ही मोकळी जागा सुरांनी कळविण्याची सोय आहे. ओळ जितकी आत, तितका सूर वर. पेटीवर बोट फिरलेले ऐकणाऱ्या मुलाला ही खूण चटकन समजते. मात्र जागा सोडताना टॅब आणि स्पेस यांची भेसळ करू नये.

पहिला धडा अगदी लहान घ्यावा. सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या भागात ‘स्क्रॅचपॅड’ चालू करावे. हे झाले आपले कच्चे पाटीकाम. त्यातल्या ‘अ‍ॅप मॉड्यूल्स’ या फोल्डरात नोटपॅडच्या नावाची फाइल करावी. अशी फाइल फक्त त्याच एका प्रोग्रामाला लागू पडते. म्हणजे आपले काही चुकले तरी बिघाड नोटपॅडपुरताच राहतो, इतरत्र वाचक नेहमीसारखा बोलत राहतो. नवशिक्याला याचा फार आधार असतो.

आता त्या फाइलीत एवढेच सांगावयाचे: लक्ष एका वस्तूवरून दुसरीवर गेले की 550 हर्ट्‌झचा सूर 50 मिलिसेकंद वाजव. फाइल ठेवून इन्सर्ट, कंट्रोल आणि एफ-3 या कळा एकदम दाबल्या की नवी आज्ञा लागू होते. नोटपॅडचा मेनू उघडा. ‘टुक्‌’ असा आवाज आला की तुमची पहिली स्क्रिप्ट चालली!

पण एक ओळ विसरू नका बरं का. सूर वाजवून झाल्यावर ‘आता हा निरोप पुढे जाऊ दे’ असे शेवटी सांगावे लागते. ती ओळ गाळली तर निरोप आपल्यापाशीच अडकतो. सूर वाजतो, पण वस्तूचे नाव कोणी सांगत नाही. डोळस माणसाला हा किरकोळ दोष वाटेल. दृष्टिहीनाच्या दृष्टीने मात्र पडदाच नाहीसा झाला!

दुसरा धडा नाव देण्याचा. मुक्या बटनावर जाऊन इन्सर्ट आणि एफ-1 दाबले की त्या वस्तूची सगळी तांत्रिक नोंद वाचावयास मिळते. तीत त्या बटनाची ओळख पटेल अशी खूण शोधावी, बहुधा एखादा क्रमांक सापडतो. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा आणि खूण तीच राहते ना, हे पाहावे. मग त्या प्रोग्रामाच्या फाइलीत लिहावयाचे: ही खूण असलेली वस्तू आली तर तिचे नाव ‘जतन करा’ असे समज. एनव्हीडीएच्या 2019.3 या आवृत्तीपासून पायथनची तिसरी पिढी वापरात आहे. त्यामुळे नाव देवनागरीतही लिहिता येते.

शिक्षकांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. एक, आपण लिहिलेली स्क्रिप्ट पडदा झाकून, नुसत्या कानांनी तपासावी, आणि अखेरचा निर्णय वापरणाऱ्या विद्यार्थ्यावर सोपवावा. दुसरी, बोलणे थोडके ठेवावे. ‘जतन करा’ पुरे. ‘हे जतन करण्याचे बटन आहे’ असे शंभर वेळा ऐकावे लागले तर माणूस कंटाळून जाईल. आणि अनोळखी माणसाची स्क्रिप्ट तपासल्यावाचून घेऊ नये, कारण तिला आपल्या संगणकात बराच शिरकाव मिळतो.

हे काम केवळ इंजिनियरांचे आहे असे मानण्याचे कारण नाही. कोणते बटन मुके आहे, हे ज्याचे रोज अडते त्यालाच नेमके ठाऊक असते. त्याच्या हाती या पाचसहा ओळी आल्या की शेजाऱ्याला हाक मारण्याचे एक तरी कारण कमी होते, आणि त्याच प्रोग्रामवर बसणाऱ्या दुसऱ्या दृष्टिहीन माणसाचीही वाट मोकळी होते. आपल्या शाळेत असा एखादा विद्यार्थी असेल तर येत्या आठवड्यात त्याच्याबरोबर एकच बटन निवडा, आणि त्याला नाव द्या.