मुंबईहून लंडन किती दूर ?

गेल्या हिवाळ्यांतील गोष्ट. तीर्थपुरीच्या एका मातेचा मुलगा शिक्षणासाठीं लंडनला निघाला. मुंबईहून दुपारीं 1 वाजतां निघून सायंकाळीं 5 वाजतां पोंचणार, असें तिकिटावर छापलेलें होतें. म्हणजे चार तासांचा प्रवास, असा तिनें हिशेब केला. पांच वाजले, आठ वाजले, दहा वाजले, निरोप नाहीं. बिचारीनें अन्नाला स्पर्श केला नाहीं. साडेदहा वाजून गेल्यावर "आई, पोंचलों," हे शब्द तिच्या कानीं आले. विमानास उशीर झाला नव्हता आणि तिकीटही खोटें नव्हतें. मग चुकलें कोठें ?

प्रथम अंतर पाहूं. शाळेंतील पृथ्वीच्या गोलावर मुंबई व लंडन यांमध्यें दोरा ताणून धरा. तो पाकिस्तान, इराण व कॅस्पियन समुद्र यांवरून जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग. तो सुमारें 65 अंशांचा भरतो. एका अंशास सुमारें 111 किलोमीटर धरल्यास अंतर सुमारें 7,200 किलोमीटर येतें. विमानाचा वेग तासीं सुमारें 900 किलोमीटर. म्हणजे आठ तास पुरावेत.

परंतु आकाशांतही वारा आडवा येतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, विशेषतः हिवाळ्यांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रबळ वारे वाहतात. गोदावरीच्या प्रवाहाविरुद्ध पोहणारास जसे अधिक श्रम पडतात, तसा लंडनला जातांना वेळ अधिक लागतो, येतांना कमी. शिवाय मार्ग नेहमीं सरळ मिळत नाहीं. 2025 च्या एप्रिलांत पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें, तेव्हां त्यांना वळसा घालावा लागला. म्हणून साडेनऊ-दहा तास धरावे हें बरें.

आतां घड्याळाकडे वळूं. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासास 15 अंश. आपलें घड्याळ 82½ पूर्व रेखांशावर लावलेलें आहे, तर लंडनचें शून्य रेखांशावर. 82½ ला 15 नीं भागिलें असतां साडेपांच येतात. लंडनला सायंकाळचे 5 वाजतात, तेव्हां तीर्थपुरीस रात्रीचे साडेदहा झालेले असतात. उन्हाळ्यांत तेथील घड्याळ एक तास पुढें करितात. तेव्हां अंतर साडेचार तासांचें राहतें.

8 जून 1948 रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें एअर इंडिया इंटरनॅशनलचें विमान मुंबईहून लंडनला निघालें, तेव्हां त्यास कैरो व जिनीव्हा येथें थांबावें लागलें होतें. आज तें अंतर एका उड्डाणांत तुटतें. पण रेखांश कांहीं पुसले गेले नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरचें कोणी परदेशीं निघालें, तर पोंचण्याची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणें मांडून तो कागद आईच्या हातीं द्या. भूगोलाच्या तासाला शिकलेला एवढासा भागाकार तिची एक रात्र सुखाची करील.